घरातील ज्येष्ठांना नैराश्याच्या गोळ्या सुरक्षितपणे कशा द्याव्यात? (खानापूर, बेळगाव, निपाणी परिसर)

मलप्रभाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाईंचे वय अडुसष्ट आहे. सासरे गेल्यानंतर त्यांचे जेवण तुटले, पहाटे तीनलाच जाग येऊ लागली, तुळशीला पाणी घालणेही त्यांना जड वाटू लागले आणि "मला मागे कशाला ठेवले" हे एकच वाक्य त्या दिवसभर बोलू लागल्या. तेव्हा आम्ही त्यांना बेळगावच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी नैराश्याचे निदान करून रात्रीची एक गोळी सुरू केली. बीपीची गोळी मात्र गावातल्या डॉक्टरांची आहे आणि गुडघ्यांचा उपचार मिरजेला चालू आहे. तिन्ही ठिकाणचे कागद वेगळे आहेत, आणि एका डॉक्टरांचा कागद दुसऱ्या डॉक्टरांनी कधी पाहिलेला नाही.

गोळी सुरू होऊन तीन आठवडे होत आले आहेत. झोप सुधारली आहे, परंतु या आठवड्यात त्यांना गुंगल्यासारखे होत आहे, बोलताना मध्येच विसरायला होते आणि परवा न्हाणीघरात त्यांचा तोल गेला. गोव्याहून आलेले माझे दीर म्हणतात की टेन्शनच्या गोळीची सवय लागते, ती आजच बंद करा. गोळी बंद करावी का? तिची खरोखर सवय लागते का? आणि इतर गोळ्यांसोबत ती चालते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शहापूरचा_औषधविक्रेता

ताई, गोळी बंद करण्याचा निर्णय घेण्याआधी घरात नेमक्या कोणत्या गोळ्या आहेत ते पाहा. कंपनीचे मोठ्या अक्षरांतले नाव बाजूला ठेवा आणि त्याच्या खाली बारीक अक्षरांत छापलेले घटक व त्यांचे मिलिग्रॅम येथे लिहा. आमच्या दुकानात लोक कात्रीने कापलेला गोळ्यांचा पत्ता (पट्टी) घेऊन येतात, ज्यावर नावाची दोन अक्षरे उरलेली असतात आणि मुदतीची तारीख दुसऱ्याच कोणाच्या घरी गेलेली असते. असा तुकडा पाहून गोळी ओळखणे हा केवळ अंदाज असतो. नैराश्याच्या गोळ्या तरी पूर्ण पत्त्यानेच घ्याव्यात, किंवा कापून घ्यायच्या असतील तर नाव असलेला भाग आपल्याकडे येईल असे सांगावे.

दुसरे असे की एकच औषध दहा कंपन्या दहा नावांनी विकतात. बेळगावची चिठ्ठी संपली म्हणून कोल्हापूरहून किंवा गडहिंग्लजहून तेच औषध दुसऱ्या नावाने आणले आणि जुना पत्ताही घरात शिल्लक राहिला, तर दोन वेगळ्या गोळ्या समजून दोन्ही घेतल्या जातात. जनऔषधी केंद्रातील गोळी स्वस्त असते आणि तीवर घटकाचेच नाव ठळक असते, ही तिची मोठी सोय आहे.

मलप्रभाकाठ

भाऊ, धन्यवाद. सगळे पत्ते चष्मा लावून वाचले. रात्रीच्या गोळीवर एस्सिटॅलोप्रॅम 10 आणि क्लोनाझेपॅम 0.5 असे दोन घटक आहेत. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 आहे. मिरजेच्या गोळीत ट्रॅमाडॉल 37.5 आणि पॅरासिटामॉल 325 असून ती दिवसातून दोनदा घ्यायची आहे. त्याशिवाय गुडघा फारच ठणकला तर डायक्लोफेनॅक असे लिहिलेले आहे. रात्रीच्या गोळीत दोन औषधे आहेत, हे आम्हांला आजच कळले.

मनोविकार_विभाग

धागाकर्तीने यादी दिली हे उत्तम झाले. मी मानसोपचार क्षेत्रात काम करतो. रुग्णाला न तपासता येथे उपचार सांगता येत नाहीत, परंतु या यादीवरून एक गोष्ट ठामपणे सांगतो: उद्या सकाळीच त्यांना डॉक्टरांकडे न्या आणि रक्तातील सोडियम तपासायला सांगा. भोवळ वाढली, त्यांना ओळख पटेनाशी झाली, झटका आला किंवा डोक्याला मार लागला असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या.

एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या गटातील नैराश्यावरील औषधांमुळे वयस्कर माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, शरीरात पाणी धरून ठेवले जाते आणि रक्तातील सोडियम उतरू शकते. हे बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच घडते. हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीवाटे सोडियम बाहेर टाकणारे औषध असल्यामुळे दोन्ही एकत्र आली की धोका वाढतो. सोडियमची सर्वसाधारण पातळी 135 ते 145 असते. ती उतरली की थकवा, मळमळ, विसराळूपणा आणि तोल जाणे सुरू होते, आणि घरच्यांना वाटते की वयच झाले आहे किंवा नैराश्य वाढले आहे. जेवणात मीठ वाढवून हा दोष जात नाही, बीपी मात्र वाढतो. तेव्हा तो उपाय कृपया करू नये.

दुसरी अडचण ट्रॅमाडॉलची आहे. हे वेदनाशामक असले तरी शरीरातील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनावरही काम करते, आणि एस्सिटॅलोप्रॅमही त्याच रसायनावर काम करते. एस्सिटॅलोप्रॅमसोबत ते घेतल्यास क्वचित सेरोटोनिनचा अतिरेक होतो. हात थरथरणे, दरदरून घाम, अस्वस्थपणा, जुलाब, छातीत धडधड, स्नायू ताठरणे आणि ताप ही त्याची लक्षणे असून ती दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. शिवाय ट्रॅमाडॉलनेही गुंगी येते आणि क्लोनाझेपॅमनेही येते. अडुसष्ट वर्षांच्या बाईंना ही दोन्ही औषधे रोज मिळत असतील, तर न्हाणीघरात तोल जाण्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन या गटातील औषधांसोबत एस्सिटॅलोप्रॅम घेतल्यास जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. शौच डांबरासारखे काळे झाले तर दुर्लक्ष करू नये. गुडघ्यासाठी साधे पॅरासिटामॉल आणि बाहेरून लावायचे मलम यांवर भागते का, हे मिरजेच्या डॉक्टरांना विचारावे.

आता आपल्या दिरांच्या मुद्द्याकडे वळतो, कारण तो निम्मा बरोबर आहे. सवय लागते ती क्लोनाझेपॅमची. हे औषध सुरुवातीचे काही आठवडे झोप आणि घालमेल सावरण्यासाठी द्यायचे असते आणि नंतर हळूहळू उतरवायचे असते. आपल्याकडे दोन्ही औषधे एकाच गोळीत मिळत असल्याने वर्षानुवर्षे दोन्ही चालू राहतात, आणि ही पद्धत मला स्वतःला मुळीच पटत नाही, कारण एक औषध कमी करून दुसरे चालू ठेवायचे असेल तर एका गोळीत ते साधत नाही. एस्सिटॅलोप्रॅमची अशी ओढ लागत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. मात्र शरीर त्याला सरावते, आणि म्हणून तेही एकदम तोडू नये. आजच गोळी फेकून दिली तर दोन्ही औषधे एकाच रात्री बंद होतील. काय थांबवायचे, काय बदलायचे आणि कोणत्या क्रमाने, हे डॉक्टरांनी उद्याच्या तपासणीनंतर ठरवावे.

उघडे_मत

डॉक्टरसाहेब, आपण एका गोळीचे इतके धोके सांगितले की मुळात ती घ्यावीच कशाला, असा प्रश्न पडतो. मेंदूत सेरोटोनिन कमी पडते हा सिद्धान्तच खोटा ठरला आहे, असे मी 2022 मध्ये वाचले होते. पूर्वी माणसे दुःख पचवत होती. आज दुःखालाही चिठ्ठी लागते.

मनोविकार_विभाग

आपण वाचलेले चुकीचे नाही. नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिनची कमतरता, या सरधोपट मांडणीला भक्कम पुरावा नाही, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्याने म्हटले होते. परंतु औषध नेमके कसे काम करते हा एक प्रश्न आहे आणि ते काम करते की नाही हा दुसरा. 2018 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 522 चाचण्या आणि 1,16,477 रुग्ण यांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा मध्यम ते तीव्र नैराश्यात 21 पैकी सर्व औषधे, औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली. हा फरक सरासरीने माफकच होता, हेही सांगितले पाहिजे. सौम्य नैराश्यात समुपदेशन, दिनचर्या आणि माणसांची सोबत आधी येते, आणि तेथे गोळीची घाई करू नये हे आपले म्हणणे मला मान्य आहे. पण ज्या बाईंनी जेवण सोडले आहे आणि ज्यांना जगणे नकोसे झाले आहे, त्यांच्या दुःखाला पचवण्याची परीक्षा लावणे योग्य नव्हे.

निपाणीचा_वाटसरू

मी सर्ट्रालिन घेऊन बरा झालेला रुग्ण आहे, म्हणून अनुभव लिहितो. पहिल्या दहा-बारा दिवसांत मळमळ, डोकेदुखी आणि एक विचित्र तगमग होती, आणि मनाला काडीचाही आराम नव्हता. पुष्कळ लोक नेमके याच टप्प्यावर औषध सोडतात, कारण त्रास आधी येतो आणि गुण मागाहून येतो. मला डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवले होते आणि गोळी रिकाम्या पोटी न घेता जेवणानंतर घ्यायला सांगितले होते, त्यामुळे मी टिकलो. भूक आणि झोप आधी परतली, कामात मन लागायला महिन्याहून अधिक काळ गेला.

पुढे बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांनी औषध अनेक महिने चालू ठेवले. नंतर डोस टप्प्याटप्प्याने उतरवला. प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन दिवस मान वळवली की डोक्यात विजेची बारीक शिरशिरी जाई आणि स्वप्ने फार पडत, मग ते थांबे. मला हे आजार परतल्याचे चिन्ह वाटले होते, पण डॉक्टर म्हणाले की डोस कमी केल्यावर काही दिवसांतच चक्कर, शिरशिरी, चिडचिड आली तर ती बहुधा औषध उतरण्याची खूण असते, आणि आजार परतायचा असेल तर तो सावकाश, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, पूर्वीच्याच चालीने येतो.

आमच्या भागात विडी फार, म्हणून एक विचारतो. तंबाखूचा या औषधांवर परिणाम होतो का?

मनोविकार_विभाग

आपले वर्णन अगदी नेमके आहे. पहिल्याच खेपेचे नैराश्य असेल तर पूर्ण बरे वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, आणि आजार पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन सोडताना त्रास अधिक होतो. फ्लुओक्सेटिन शरीरातून फार सावकाश जाते, म्हणून तुलनेने कमी होतो. व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन यांच्या कॅप्सूल उघडून किंवा चावून घेऊ नयेत.

विडी-सिगारेटच्या धुराने ड्युलोक्सेटिनची रक्तातील मात्रा कमी होते. हा धुराचा परिणाम आहे, तंबाखू चघळल्याने तो होत नाही. म्हणून धूम्रपान करत असल्यास आणि ते सोडल्यासही डॉक्टरांना सांगावे. दारू तर या काळात टाळावीच, कारण ती नैराश्य वाढवते, आणि क्लोनाझेपॅमसोबत तिने श्वास मंदावू शकतो.

टिळकवाडीचा_पालक

माझा मुलगा वीस वर्षांचा असून बेळगावातच अभियांत्रिकी शिकतो. त्याला फ्लुओक्सेटिन सुरू झाले आहे. तरुणांमध्ये या गोळ्यांनी आत्महत्येचे विचार वाढतात असे वाचून पत्नी घाबरली आहे. आम्ही काय पाहावे?

मनोविकार_विभाग

ही सूचना खरी आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2004 मध्ये मुलांसाठी ठळक इशारा दिला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. धोका विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना असतो. याचा अर्थ औषध देऊ नये असा नसून त्या काळात मुलाला एकटे पाडू नये आणि डॉक्टरांची पुढची भेट लांबवू नये असा आहे. अचानक वाढलेली तगमग, येरझाऱ्या, रात्रभर जागरण, निरवानिरवीची भाषा, या गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का" असे सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट मुलाला बोलायला वाट मिळते. गोळ्यांचा साठा आपल्या ताब्यात ठेवा, आणि घरी शेती असेल तर फवारणीची औषधे कुलपात ठेवा. झोप न घेताही तो उत्साहाने उधळू लागला, वारेमाप बोलू किंवा खर्च करू लागला, तर तेही लगेच कळवा, कारण काही जणांचे नैराश्य दोन ध्रुवांच्या (बायपोलर) आजाराचा भाग असते आणि त्यांना या गोळ्या एकट्या देणे योग्य नसते. घराण्यात कोणाला असा आजार असल्यास लपवू नका.

रात्री-अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास निःशुल्क मिळते. ती 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली असून तेथे मराठीची सोय आहे.

कडोलीची_लेक

माझी बहीण सर्ट्रालिन घेत असताना तिला दिवस राहिले आहेत. सासरी सर्वांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या आहेत. थोडक्यात सांगावे.

मनोविकार_विभाग

स्वतःहून बंद करू नयेत. उपचार सोडलेले नैराश्यही आई आणि बाळ दोघांना अपायकारक असते. गरोदरपणात पॅरॉक्सेटिन शक्यतो टाळतात. सर्ट्रालिन मात्र गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही बऱ्याचदा चालू ठेवले जाते. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनाही या आठवड्यातच दाखवावे.

सीमेवरची_आशा

मी आशा कार्यकर्ती आहे. बेळगावला किंवा मिरजेला जाण्याचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी परवडत नाही म्हणून औषध तुटलेली माणसे मी पाहते, तेव्हा हे लिहिते. कर्नाटकात 'मनोचैतन्य' या कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. आपल्या तालुक्यातील वार आणि वेळ आधी विचारून घ्यावी. जिल्हा रुग्णालयात हा विभाग आहे आणि अवघड रुग्णांसाठी धारवाडची डिमहान्स ही संस्था आहे. देशभरातील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आपल्याच राज्यातील बळ्ळारीच्या प्रयोगावर बेतलेला आहे, पण आपल्या मराठी वस्त्यांत त्याची माहिती फार थोड्यांना असते.

भाषेची अडचणही खरी आहे. केसपेपर कन्नडमध्ये, रुग्ण मराठी बोलणारा आणि मिरजेच्या डॉक्टरांना कन्नड येत नाही, असे नेहमी होते. म्हणून मी घरोघरी एक पुठ्ठा करायला सांगते. त्यावर प्रत्येक औषधाचा घटक इंग्रजी अक्षरांत, शेजारी मिलिग्रॅम, घ्यायची वेळ मराठीत, आणि कोणत्या गावच्या डॉक्टरांनी कधी सुरू केले ते लिहायचे. औषधाचे नाव इंग्रजी अक्षरांत असले की बेळगाव असो वा कोल्हापूर, कोणताही डॉक्टर ते वाचतो. आयुर्वेदिक काढा, झाडपाला, सर्दी-खोकल्याचे औषध हेही त्यावर यावे. एका आजोबांच्या खोकल्याच्या औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन होते, जे या गोळ्यांसोबत जपून द्यायचे असते, आणि ते त्या पुठ्ठ्यामुळेच डॉक्टरांच्या लक्षात आले.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना नेले होते. सोडियम 127 निघाले. त्यांना रुग्णालयात ठेवून घेतले आणि पातळी सावकाश वर आणली. बीपीची गोळी बदलून त्यातील लघवीचे औषध काढले आहे. ट्रॅमाडॉल मिरजेच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून थांबवले आहे आणि गुडघ्यासाठी सध्या पॅरासिटामॉल आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्रॅम थांबवून, सोडियमवर तुलनेने कमी परिणाम करणारे म्हणून मिर्टाझेपिन रात्री थोड्या मात्रेत सुरू केले आहे. क्लोनाझेपॅम आता वेगळी गोळी म्हणून आहे आणि तिचा डोस कमी करत नेण्याचे वेळापत्रक दिले आहे. सोडियम पुन्हा तपासायचे आहे. दिरांनी पुठ्ठा स्वतः लिहून देव्हाऱ्याशेजारी टांगला आहे.

आता एकच शंका उरली आहे. एकादशीला आणि श्रावणी सोमवारी त्यांचा कडक उपवास असतो. त्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन द्याव्यात का?

शहापूरचा_औषधविक्रेता

दोन कधीही देऊ नयेत. रात्रीची गोळी विसरली आणि झोपण्यापूर्वी आठवली तर द्यावी. सकाळी आठवली तर ती सोडून द्यावी आणि त्या रात्री नेहमीची एकच द्यावी. मिर्टाझेपिन पाण्यासोबत, उपाशीपोटीही चालते, त्यामुळे उपवासाच्या दिवशी ती चुकवण्याचे कारण नाही. मात्र निर्जळी उपवास त्यांनी सध्या करू नये, आणि सोडियम नुकतेच सावरले असल्याने साबुदाण्याचा उपवासही किती दिवस करावा हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे. जुन्या एकत्रित गोळीचा उरलेला पत्ता घरात असेल तर तो डब्यातून आजच काढा. रंग सारखा असल्याने तोच हाती लागण्याची शक्यता असते.